पाय घसरण्याआधी



शिरूर आणि दौंड तालुक्यांतले डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि आशाताई एका मांडवात बसण्याचा योग क्वचित येतो, म्हणून आज एकाच विषयावर बोलतो : ऐंशी ओलांडलेल्या माणसाची चाल.

हा माणूस आपल्याकडे येतो तो खुब्याचं हाड मोडल्यावर. ‘कशा पडलात आजी?’ ‘पाय घसरला.’ केसपेपरवर तेवढंच उतरतं. त्याआधी कितीतरी महिने आजींची चाल बदलत गेलेली असते, ती कोणी पाहिलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, त्यांत साठीपुढची सर्वाधिक.

खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा : ही चाचणी १९९१ पासून घड्याळावर चालते. पण घड्याळाला एकूण सेकंद कळतात, ते कुठे गेले हे कळत नाही. एक आजोबा संथ चालतात, पण सलग. दुसरे तेवढ्याच सेकंदांत येतात, मात्र उठताना दोनदा हिसका देतात, वळताना चार तुटक पावलं टाकतात आणि बसताना धपकन अंग टाकतात. मला काळजी या दुसऱ्यांची. कमरेला बांधलेला मोबाइलही हे हिसके टिपतो. त्यातला सेन्सर त्वरण मोजतो आणि त्वरण किती झटक्याने बदलतं यावरून हालचालीची सलगता काढता येते. तरी आकड्याच्या फार नादी लागू नका. ज्याने हिंडणंफिरणंच सोडलं त्याचे हिसके कमीच भरतील!

शिवाय चाचणी खुर्चीची. आपल्या आजी खुर्चीत बसतात कधी? लग्नकार्यात. एरवी जमिनीवर. तिथून उठताना हात आधी गुडघ्यावर जातो, मग भिंतीवर, मग सुनेच्या खांद्यावर, आणि आपल्याला हवं ते सगळं तिथे दिसतं. जमिनीवर बसून उठण्याची चाचणी ब्राझीलच्या डॉक्टरांनी मांडली, २०१२ मध्ये त्यांचा अभ्यासही छापून आला. आपल्या ओसरीवर ती रोज फुकट होते, आपण बघत नाही.

याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आहे. २२ गावांतल्या पन्नाशीपुढच्या पाच हजारांवर लोकांच्या प्रकृतीचा त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्या भागात असं काम होऊ शकतं. आज पंच्याऐंशीच्या असलेल्या कित्येक बायकांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली आहे. त्यांच्या गुडघ्यांना परदेशी तक्ते जसेच्या तसे लावणं मला पटत नाही. इथले आकडे इथेच गोळा करावे लागतील.

आणि घर? उंच उंबरा, शेवाळलेली न्हाणी, अंगणाच्या टोकाला शौचालय. उसाच्या पट्ट्यातल्या वस्त्यांवर बिबट्याचा धाक, म्हणून अंधारात जाणं-येणं घाईचं. मुलगा रांजणगावच्या कारखान्यात रात्रपाळीला. अशा घरात वळताना अडखळणारा माणूस किती दिवस तग धरणार?

म्हणून आशाताईंना माझी विनंती आहे. घरी गेलात की आजींना दारापर्यंत चालवा आणि चालता चालता बोलतं करा. उत्तर द्यायला जे थबकतात ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडले, असं स्वीडनमध्ये १९९७ मध्येच दिसलं होतं. थबकणाऱ्यांची नावं डॉक्टरांकडे द्या. डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब झोपवून आणि उभं करून, दोन्ही वेळा बघावा, झोपेच्या गोळ्या तपासाव्यात, मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘आता या वयात कशाला’ म्हणून लांबवू नये. फिजिओथेरपिस्टांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याच बाजेवर शिकवावेत. पाच-पाच गावांपासून सुरुवात करू, आणि कोणती ते आज जेवणाच्या सुट्टीआधी ठरवू.