तिच्यामागे कोण आहे?
(मुळशी तालुक्यातील महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



नोकरीसाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी एकटीने परमुलखात येऊन राहणाऱ्या बाईबद्दल मला आज बोलायचे आहे. मुळशीत ती आपल्याला रोज भेटते. हिंजवडी-माणच्या आयटी कंपन्यांत ती आहे, पिरंगुटच्या कारखान्यांत आहे, लवळ्याच्या विद्यापीठांत आहे. त्या कंपन्यांची झाडलोट करणारी आणि मेसमध्ये पोळ्या लाटणारीही तीच आहे. कुणी मराठवाड्यातून येते, कुणी विदर्भातून, कुणी केरळ-झारखंडातून. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठाची पदवी पुरी करू पाहणाऱ्याही यांत आहेत.

मुलगा गाव सोडून गेला की लोक म्हणतात, कमवायला गेला. मुलगी गेली की पहिला प्रश्न येतो, सोबत कोण आहे? हा प्रश्न काळजीचा वाटतो, पण बहुतेक वेळा तो परवानगीचा असतो.

आपल्या भागाचाच इतिहास पाहा. मुंबईत डबे पोचवणारे कितीतरी पुरुष मावळ-मुळशीतून गेले. बायकामुले गावी ठेवून गेले. पण ते खऱ्या अर्थाने एकटे होते का? गावकीची खोली होती, खाणावळ होती, कामाला लावून देणारा नातलग होता, आजारपणात गावाकडे निरोप पोचवणारा माणूस होता. आणि गावी शेत, म्हातारी माणसे, पोरे सांभाळणारी बायको होती. या सगळ्या आधारावर पुरुष 'एकटा' गेला. बाईला एकटी म्हणतो तेव्हा ती धाडसी की बेफिकीर यावर वाद होतो. हा आधार तिच्यामागे का नाही, हे कुणी विचारत नाही.

बाईचे असे जाणे नवेही नाही. हिंगण्याच्या आश्रमात शिकून तिथेच काम करणाऱ्या पार्वतीबाई आठवले १९१८ साली अमेरिकेला गेल्या. विधवा, वय पंचेचाळिशीच्या पुढे, इंग्रजी जेमतेम. इंग्रजी शिकायचे आणि संस्थेसाठी पैसा जमवायचा, हा हेतू. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले. शिक्षण आणि मोलमजुरी एकाच वेळी करणारी बाई शंभर वर्षांपूर्वीही होती.

आता सुरक्षिततेबद्दल. २००७ साली पुण्यात बीपीओच्या रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. दोषी ठरले ते कंपनीने ठरवलेल्या गाडीचा चालक आणि त्याचा साथीदार. २०१७ च्या जानेवारीत हिंजवडीत रविवारी कचेरीत काम करत असलेल्या केरळच्या तरुण अभियंतीचा खून झाला. अटक झाली ती सुरक्षारक्षकाला. गाडी आणि पहारेकरी, दोन्ही सुरक्षेसाठीच ठेवलेले! अशा घटनेनंतर घरचे म्हणतात, परत ये. वसतिगृह म्हणते, आठच्या आत दार बंद. म्हणजे गुन्हा कुणाचा आणि कोंडायचे कुणाला? चालकाची चौकशी केली का, रविवारी एकट्या बाईला कामावर बोलावताना देखरेख कोणाची होती, हे प्रश्न मालकाला विचारायचे असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१३ सालच्या 'सक्षम' अहवालाने स्पष्ट म्हटले होते की, सुरक्षेचे कारण देऊन मुलींवर भेदभावाचे नियम लादू नयेत. तरीही कुलपे आहेतच.

काही गोष्टी आपल्याला पाठ हव्यात, म्हणजे नव्याने आलेल्या बाईला सांगता येतील.

पहिली, खोलीची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी हवा आणि त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे तर मालकाला पुरावा द्यावा लागतो. 'उद्या खोली खाली कर, डिपॉझिट मिळणार नाही' या धमकीपुढे हे कलम कामाला येते.

दुसरी, कामाच्या ठिकाणच्या छळाची. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागी काम करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, किंवा ज्यांची तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे अशा बायांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिच्यासाठी तालुक्यात नोडल अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने वाढते. आपल्या तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचे नाव इथे किती जणींना माहीत आहे?

तिसरी, पोलिसांची. हिंजवडीचे ठाणे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे, पौडचे पुणे ग्रामीणमध्ये. नव्या बाईला ही हद्द कशी कळावी? तिला ती कळण्याची गरजही नाही. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते स्पष्ट लिहिले आहे. 'आमची हद्द नाही' हे उत्तर ऐकून परत फिरायचे नाही.

चौथी, निवाऱ्याची. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासूनची आहे. २०२२ पासून तिचे नाव 'सखी निवास'. तिच्यात मुलांच्या पाळणाघराचीही सोय धरलेली आहे. कारण एकटी आलेली बाई अविवाहितच असते असे नाही. ती परित्यक्ता असेल, विधवा असेल, तिच्या कडेवर मूल असेल.

शेवटी आपल्याबद्दल. आयटी पार्कसाठी हिंजवडी-माणच्या जमिनी गेल्या. मोबदल्यातून चाळी उठल्या, खोल्या भाड्याने गेल्या. त्या खोल्यांची मालकीण आपल्यातलीच कुणी आहे. भाडेकरू मुलगी उशिरा आली की खिडकीतून बघणारीही आपल्यातलीच. सातबारावर जिचे नाव कधी लागले नाही, ती दुसऱ्या बाईवर पहारा कशासाठी करते? सासर नावाच्या परमुलखात आपल्यालाही एकटीनेच धाडले होते. त्या वेळी कुणी विचारले नव्हते, सोबत कोण आहे म्हणून!

तेव्हा मंडळांनी तीन कामे घ्यावीत, असे मी सुचवते. प्रत्येक गावात नव्याने आलेल्या बाईला भेटणाऱ्या दोघीजणी ठरवाव्यात. करार, दवाखाना, ठाणे, सगळे दाखवणाऱ्या. नोडल अधिकाऱ्याचे नाव व पत्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून घ्यावा. आणि हिंजवडी-पिरंगुट पट्ट्यात कष्टकरी बाईला परवडेल अशा सरकारी वसतिगृहांची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने पुढे न्यावी. अर्जाचा मसुदा आणला आहे. सह्या आजच करू.