सात, चौदा की सोळा? एलईडीवर अक्षरं लिहिताना

कानात इअरफोन, हातात ब्रेडबोर्ड, अशी आपली नेहमीची बैठक. आजचा विषय आहे अक्षरं दाखवणारे एलईडी डिस्प्ले. घड्याळाचा प्रोजेक्ट झाला की पुढची इच्छा एकच असते, आता यावर नाव झळकलं पाहिजे.

घड्याळात असतो तो सात सेगमेंटचा डिस्प्ले. आकड्यांसाठी झकास. इंग्रजीत 'पुणे' लिहायचं तर तेही जमतं: पी, यू, छोटा एन आणि ई. पण मुंबईचा एम? कोल्हापूरचा के? अडलंच गाडं. कारण या अक्षरांना तिरक्या रेघा लागतात आणि सात सेगमेंटमध्ये तिरकी रेघ नसते.

म्हणून चौदा सेगमेंटचा डिस्प्ले घ्यायचा. यात मधली आडवी रेघ दोन तुकड्यांत असते, शिवाय चार तिरक्या आणि दोन उभ्या रेघा जास्तीच्या. ए ते झेड सगळं बसतं. सोळा सेगमेंटमध्ये वरची आणि खालची रेघसुद्धा दुभागलेली असते, एवढाच फरक.

आता वायरींचा हिशोब करू. चौदा सेगमेंट आणि एक टिंब, म्हणजे एका अक्षराला १५. चार अक्षरांना ६०! आर्डुइनो उनोवर पिना मिळून २०. मग युक्ती काय, तर एका वेळी एकच अक्षर पेटवायचं, पण इतक्या भराभर की डोळ्याला चारही एकदम दिसावीत. हेच मल्टिप्लेक्सिंग. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करून बघा, चोरी पकडली जाते! तरीही १५ अधिक ४, म्हणजे १९ पिना गेल्याच. सेन्सर लावणार कुठे?

इथे कामाला येते एचटी१६के३३ ही ड्रायव्हर चिप. ती १२८ एलईडी सांभाळते आणि तुमच्याशी आय-टू-सीवर, फक्त दोन वायरींनी बोलते. उनोवर त्या ए४ आणि ए५. ब्राइटनेसच्या १६ पायऱ्या फुकटात. सुटा डिस्प्ले घेत असाल तर कॉमन कॅथोडच मागा, या चिपला तोच चालतो. आणि ईएसपी३२ वापरणाऱ्यांनो, त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. मॉड्यूलचे पुल-अप रेझिस्टर ५ व्होल्टला जोडलेले असतील, तर मध्ये लेव्हल शिफ्टर लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मराठीत नाव लिहायचंय? मग चौदा काय नि सोळा काय, दोन्ही नकोत. शिरोरेघा, वरची वेलांटी, खालचा उकार, जोडाक्षरं, हे ठरलेल्या रेघांत बसतच नाही. त्याला ठिपके लागतात, म्हणजे डॉट मॅट्रिक्स. मॅक्स७२१९ चे ८ बाय ८ चे मॉड्यूल स्वस्त आहेत, पण आठ ओळींत मात्रा आणि उकार दोन्ही कोंबताना अक्षराचा जीव गुदमरतो. ३२ बाय १६ चा पी१० पॅनल घ्या. दुकानांच्या पाट्यांवर लाल अक्षरं पळतात ना, तोच. सोळा ओळींत आपली लिपी मोकळा श्वास घेते. तयार फॉण्ट सापडला नाही, तर चौकटीच्या वहीत अक्षर काढा, भरलेली चौकट १, रिकामी ०. झाला तुमचा फॉण्ट!

तर खरेदीआधी एकच प्रश्न विचारा: मला आकडे हवेत, इंग्रजी अक्षरं हवीत की मराठी? उत्तर मिळालं की पैसे वाया जात नाहीत. भेटू पुढच्या भागात, तोवर सोल्डरिंग जपून करा!