रानफुलांची पेरणी

मृगाचा पाऊस महिन्यावर आला आहे. म्हणून आज फुलांपेक्षा बियांबद्दल बोलतो.

२०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत आली. साताऱ्याजवळचं कास पठार त्यांतलंच. भाद्रपदात तिथला तेरडा, कवला, सोनकी पाहून परतताना अनेकांना वाटतं, हे आपल्या दारी का नसावं? जरूर असावं. मात्र कासचं एकही बी उचलू नका, ते तिथल्या पुढच्या बहराचं आहे. रानतेरडा आणि कुरडू तुमच्या गावाच्या रस्त्याकडेला, पडीक रानात सापडतील. तिथूनही थोडंच घ्या.

ही सगळी वर्षायू झाडं. पावसाबरोबर उगवतात, दिवाळीच्या आगेमागे वाळतात. वर्षातला निम्म्याहून जास्त काळ ती बी होऊन कोरड्या मातीत पडून असतात, आणि कित्येक रानबियांना रुजण्याआधी हा कोरडा उन्हाळा लागतोच. आपण मात्र झाड वाळलं की उपटून टाकतो.

तेरड्याचं बोंड जवळून पाहा. लवदार, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं. पिकलं की बोट लागताच ते फुटतं, त्याच्या पाच झडपा झटकन आत वळतात आणि बिया उडून जातात. म्हणून बोंडाचा हिरवा रंग फिकट होऊ लागला की त्यावर मलमलीची छोटी पिशवी सैल बांधावी. कुरडूचं सोपं आहे: वाळलेला तुरा कागदावर झटकला की काळ्या, चकचकीत बिया पडतात. कवल्याची शेंग फुलाच्या हिरव्या कोषातच घडी घालून बसलेली असते. तिच्या बियांचं कवच टणक, त्या पेरण्याआधी वाळूत हलक्या हातानं चोळाव्यात. सगळं बी कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी धरते.

वळिवाच्या सरीवर पेरू नका. कोंब वर येतात आणि पुढच्या कडक उन्हात करपतात. पाऊस लागला, जमिनीत ओल टिकू लागली, की बी बारीक वाळूत मिसळून फेकावं आणि तळव्यानं दाबावं. खोल पुरू नये.

आणि शेणखत नको! हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो, कारण प्रेमापोटी आपण तेच आधी करतो. कासच्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे, आणि फुलं तिथंच दाटतात. सकस मातीत पाला माजतो, गवत त्याहून माजतं आणि कोवळी रोपं त्याखाली दबतात. पहिला महिना वाफ्यातलं गवत तेवढं हातानं काढत राहा.

कोकणात तेरड्याची रोपं मुळासकट आणून गौर म्हणून पुजतात. तुम्हीही वाफ्यातली रोपं गौरीला घ्या, पण निम्मी राहू द्या. माळ्याला आधीच सांगून ठेवा की दिवाळीची साफसफाई करताना हा वाफा कापायचा नाही, बोंडं फुटून बी पडेपर्यंत तो तसाच वाळू द्यायचा.