यंत्राने कारण सांगावे

माझ्या बऱ्याच कविता युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. नव्या संगणकावर त्या उघडल्या, की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. म्हणून भाच्याने माझ्या लिनक्सच्या संगणकातच एक आभासी संगणक करून दिला. घरात पोटभाडेकरू असावा तसा. त्यात जुने विंडोज आणि जुने फॉन्ट सुखाने नांदतात.

एका रात्री कविता दुरुस्त करताना हा पोटभाडेकरू गोठला. त्याचा कारभार पाहणाऱ्या प्रोग्रॅमने एकच शब्द दाखवला, 'पॉझ्ड'. थांबला आहे. का? उत्तर नाही. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. आता सक्तीने बंदच करावा म्हणून बोट बटणावर नेले आणि काय वाटले कोण जाणे, आधी भाच्याला फोन लावला.

तो म्हणाला, "मामू, बंद करू नका. सेव्ह न केलेलं सगळं जाईल."

या कारभाराच्या मुळाशी लिब्व्हर्ट नावाची प्रणाली असते. तिला भाच्याने नुसती स्थिती विचारली, तेव्हा 'पॉझ्ड' एवढेच आले. कारणासह विचारली, तेव्हा 'आय/ओ एरर'. मग डिस्कची चूक विचारणारा वेगळा आदेश दिला, तेव्हा कळले : 'नो स्पेस'. माझ्या मूळ संगणकाचीच डिस्क भरली होती!

त्याखाली काम करणारे क्यूईएमयू हे फाब्रिस बेलार यांनी २००३ साली सुरू केलेले सॉफ्टवेअर. लिहायला जागा उरली नाही, तर आतल्या विंडोजला चूक न कळवता ते आभासी संगणक आहे तसा थांबवून ठेवते. मूळची रचनाच तशी आहे. जागा करा, पुढे चला. किती समंजस वागणे! पण ते माझ्यापर्यंत पोहोचलेच नाही. खालच्याला कारण ठाऊक होते, मधल्याला विचारले तर तो सांगत होता, वरच्याने मात्र निरोप अर्धाच दिला.

सुधारणा हवी ती इथे. काय बिघडले, कुठे, माझे काम शाबूत आहे का आणि आता मी काय करू, ही चार उत्तरे न विचारता मिळावीत. कवितेत थोडे अध्याहृत ठेवावे. चुकीच्या सूचनेत नाही. रात्री एकटा बसलेला माणूस ती वाचत असतो आणि त्याचे बोट बटणावर असते.

मी जुने चित्रपट पुसून जागा केली. विंडोज जागे झाले. अर्धी राहिलेली ओळ तिथेच होती. ती पुरी केली.