चाकांवरचें घर आणि त्याची चूल

घर सोडून दूर हिंडावें असें मनुष्याला वाटतें, आणि हिंडतांना घराची ऊब सुटूं नये असेंही वाटतें. या दोन इच्छांची तडजोड म्हणजे चाकांवरचें घर. इ. स. १८८५ मध्यें डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकानें ब्रिस्टल येथील कारखान्यांत ‘वाँडरर’ नांवाचें असें एक घर केवळ हौसेखातर बांधवून घेतलें. तें दोन घोडे ओढीत असत. पुढें घोडे गेले, मोटार आली. ओढणारी गाडी व ओढलें जाणारें घर हीं एकरूप झालीं, आणि आजचें मोटारघर जन्माला आलें. युरोपांत आज अशीं मोटारघरें लाखोंनीं आहेत.

घर म्हटलें कीं चूल आली. मोटारघराची चूल गॅसवर पेटते. श्रोत्यांच्या स्वयंपाकघरांत सिलिंडरमधून जो गॅस येतो त्याचाच हा सख्खा भाऊ. या गॅसचे मुख्य घटक दोन : ब्यूटेन आणि प्रोपेन. पारा शून्याच्या आसपास उतरला कीं ब्यूटेन द्रवरूपच राहूं लागतो व शेगडी विझते. प्रोपेनचा वायु मात्र उणे ४२ अंशांपर्यंत होत राहतो. म्हणून थंड देशांतील प्रवासी प्रोपेनवर विसंबतात. त्यावर अन्न शिजतें, पाणी तापतें, रात्रीं खोली उबदार राहते. इतकेंच नव्हे, तर फ्रिजही चालतो. ज्योतीच्या उष्णतेनें गारवा निर्माण करणारी ही युक्ति १९२२ सालीं स्वीडनमधील फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोन तरुण विद्यार्थ्यांनीं शोधून काढली. तिच्यांत फिरणारा एकही भाग नाहीं. त्यामुळें आवाज नाहीं आणि विजेची गरजही नाहीं.

हा गॅस मिळण्याचे मार्ग दोन. पहिला आपल्याकडल्यासारखा : रिकामा सिलिंडर द्यावा व भरलेला घ्यावा. यांत अडचण अशी कीं देशोदेशींचे सिलिंडर निराळे, त्यांचीं तोंडें निराळीं. एका देशाचा सिलिंडर दुसऱ्या देशांत सहसा कोणी बदलून देत नाहीं. दुसरा मार्ग अधिक सोयीचा. गाडीखालीं कायमची टाकी बसवावी आणि पेट्रोल पंपावर जो गॅस मोटारींसाठीं विकला जातो तोच नळीनें तींत भरून घ्यावा. टाकी ऐंशी टक्के भरली कीं पुरवठा आपोआप थांबतो. उरलेली जागा गॅसच्या प्रसरणासाठीं मोकळी राहते. किंमत कमी, जड सिलिंडर उचलण्याचा त्रास नाहीं. वृद्ध प्रवाशांना ही व्यवस्था वरदानासारखी वाटली.

परंतु या सोयीच्या मुळाशीं एक परावलंबन होतें. पंपावरील तो गॅस मोटारघरांसाठीं कधींच नव्हता. विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारनें मोटारींच्या गॅसवरील कर कमी ठेवला व पेट्रोलच्या गाड्या गॅसवर चालविण्यासाठीं अनुदान दिलें. तेव्हां पुष्कळ मोटारींना गॅसच्या टाक्या बसल्या आणि हजाराहून अधिक पंपांवर गॅस मिळूं लागला. मोटार दर आठवड्याला टाकी भरी. मोटारघराला वीस-पंचवीस लिटर गॅस उन्हाळ्यांत कित्येक आठवडे पुरे. पंपाचा खर्च मोटारी भागवीत होत्या. मोटारघरें त्या झाडाच्या सावलींत बसलेलीं पांथस्थ होतीं.

झाडाला कीड लागली ती प्रथम विजेमुळें नव्हे. २००१ नंतर ब्रिटनमधील वाहनकर कर्बवायूच्या प्रमाणावर बसूं लागला व लोक डिझेलकडे वळले. कारखानदारांनीं गॅसच्या मोटारी काढणें थांबविलें. जुन्या मोडीत निघाल्या, नव्या आल्या नाहींत. त्यानंतर विजेच्या मोटारी आल्या. २०२० सालीं सरकारनें जाहीर केलें कीं पेट्रोल व डिझेलच्या नव्या मोटारींची विक्री २०३० मध्यें थांबेल. २०२३ मध्यें ती मुदत २०३५ पर्यंत लांबविली आणि २०२५ मध्यें पुन्हां २०३० ठरली. मुदत हालली तरी दिशा हालली नाहीं. पंपाच्या मालकाजवळ जागा मोजकी. जुनी गॅसटाकी दुरुस्त करावी कीं तेथें वीज भरण्याचे खांब उभारावे, असा प्रश्न पडला कीं उत्तर हिशेबाची वहीच देते. ब्रिटनमधील मोठमोठ्या पंपांवरून गॅस एकामागून एक नाहींसा होत आहे.

कोणी म्हणेल, मग चूलही विजेवर चालवावी. येथें आंकडे पाहावे लागतात. अकरा किलो प्रोपेनमध्यें सुमारें १४० युनिट उष्णता असते. मोटारघरांतील नेहमींच्या बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरींत सव्वा युनिटही वीज नसते. हिंवाळ्याच्या एका रात्रीं दोन किलोवॉटची शेगडी दहा तास चालली तर वीस युनिट लागतात. गॅसच्या हिशेबानें तो दीड किलो, बॅटरीच्या हिशेबानें सतरा बॅटऱ्या! छपरावरील सौर पत्रे उन्हाळ्यांत दिवे व फ्रिज सुखानें चालवितात. पण स्कॉटलंडच्या डिसेंबरांत सूर्यच फार थोडा वेळ दिसतो. म्हणून नव्या मोटारघरांत गाडीच्याच टाकींतील डिझेलवर चालणारी शेगडी बसवितात. तोडगा चांगला आहे. परंतु ज्या इंधनाला निरोप द्यावयाचा त्याचाच हात पुन्हां धरावा लागतो.

हौशी प्रवाशाला फार तर वाट वांकडी करावी लागेल. इटली, पोलंड, जर्मनी या देशांत पंपावरील गॅस अजून मुबलक आहे. खरी काळजी दुसऱ्यांची आहे. घरभाडें परवडत नाहीं म्हणून गाडींतच बारमास राहणारे लोक ब्रिटनमध्यें वाढले आहेत. ज्या ब्रिस्टलमध्यें हौसेचें ‘वाँडरर’ घडलें, त्याच ब्रिस्टलच्या रस्त्यांच्या कडेला आज गरजेचीं शेंकडों मोटारघरें उभीं आहेत. जवळचा पंप बंद झाला कीं या लोकांना महागडा सिलिंडर घ्यावा लागतो, किंवा बदलीचा सिलिंडरच चोरून पंपावर भरण्याचा मोह होतो. त्याला आपोआप थांबविणारी झडप नसते. तो कांठोकांठ भरला व नंतर तापला तर अनर्थ होऊं शकतो.

विजेच्या मोटारींनीं शहरांची हवा स्वच्छ होईल, हें इष्टच आहे. जुनें जातांना त्याच्या आश्रयानें उभ्या राहिलेल्या लहानसहान सोयीही जातात, आणि त्यांची नोंद कोणत्याच योजनेंत नसते, एवढेंच येथें लक्षांत घ्यावयाचें. कांहीं मोजक्या पंपांवर ही टाकी राखणें, सिलिंडरांचीं तोंडें सर्व देशांत एकसारखीं करणें, तळांवर विजेची पुरेशी जोडणी देणें, हे उपाय खर्चाचे असले तरी अशक्य नाहींत. राजमार्ग रुंद करणाऱ्यानें कडेच्या पाणपोईचीही व्यवस्था पाहावी. कारण दिवस मावळल्यावर चूल पेटवावयास जागा शोधणारा प्रवासी त्याच मार्गानें येत असतो.