होडीच्या इंजिनाची बैठक

कोकण किनाऱ्यावरील लहान मासेमारी होड्यांच्या मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, बाहेरून जे आऊटबोर्ड इंजिन टांगले जाते, त्याची कामगिरी अश्वशक्तीइतकीच बैठकीच्या उंचीवरही अवलंबून असते. पाण्याच्या पृष्ठभागावरील हवा इंजिनाच्या पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये, शिरू नये म्हणून पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती साधारणपणे होडीच्या तळाच्या पातळीत किंवा तिच्या किंचित वर असावी लागते. इंजिन फार खाली बसल्यास पाण्याचा अवरोध वाढून इंधन वाया जाते. फार वर बसल्यास पंखा हवा ओढतो, फेरे एकाएकी वाढूनही रेटा घटतो आणि, हे अधिक महागात पडणारे, थंड करणारे पाणी आत न पोहोचल्याने इंजिन तापते. म्हणूनच ट्रान्समची उंची सुमारे 15 इंच आहे की 20, हे मोजून त्यानुसार आखूड किंवा लांब दांड्याचे इंजिन निवडले जाते. उंचीबरोबरच इंजिनाचा कोनही महत्त्वाचा असतो: त्याचा खालचा भाग फळीकडे ओढल्यास नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, खाली दबते, तर दूर सारल्यास ती उचलली जाते. इंजिन बसवताना फळीत पाडलेली बोल्टची छिद्रे मात्र सागरी सीलंटने बुजवावीच लागतात, अन्यथा फायबरच्या आतील प्लायवूड पाणी शोषून कुजते.