पहिली स्क्वॉड्रन : परक्या ध्वजाखाली घडलेले आपले हात

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनची युद्धकथा या व्याख्यानमालेत सांगावी असे आम्ही ठरविले, तेव्हा काही स्नेह्यांनी दोन शंका काढल्या. मराठी मंडळात विमानांचे काय काम, ही पहिली. दुसरी अधिक टोचणारी होती. ही स्क्वॉड्रन दुसऱ्या महायुद्धात लढली ती इंग्रजांच्या राज्यासाठी. मग स्वतंत्र देशातील नागरिकांनी तिचे कौतुक कोणत्या तोंडाने करावयाचे? पहिल्या शंकेचे उत्तर ओघात मिळेलच. दुसरीला बगल देऊन मात्र ही कथा प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

हिंदी वायुदलाचा कायदा ८ ऑक्टोबर १९३२ रोजी अमलात आला आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. ‘उभी राहिली’ हा शब्दही मोठाच म्हणावयाचा. चार जुनी वापिटी विमाने, क्रॅनवेलच्या विद्यालयात शिकून आलेले मूठभर अधिकारी आणि एकोणीस हवाई सिपाही, एवढाच संसार. सुब्रोतो मुखर्जी हे त्या पहिल्या वैमानिकांपैकी एक. हिंदी माणसाला विमान उडविता येईल काय, आणि येत असले तरी त्याच्या यंत्राची निगा राखणे त्याला झेपेल काय, अशी शंका त्या काळी उघडपणे बोलली जाई. या शंकेचा दुसरा भाग आपण ध्यानात ठेवावा. वैमानिकाचे शौर्य सर्वांना दिसते. इंजिन उघडून बसलेला, तेलाने हात माखलेला कारागीर कोणाच्या नजरेस पडत नाही. वास्तविक परीक्षा त्याचीच अधिक होती.

त्या कारागिरांत हरजिंदर सिंग हे एक होते. लाहोरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा तरुण साधा हवाई सिपाही म्हणून भरती झाला. पुढे १९३६ नंतरच्या काळात वझिरीस्तानच्या डोंगराळ सरहद्दीवर या स्क्वॉड्रनने आपली पहिली कामगिरी बजावली, तेव्हा जुनाट विमाने उडती ठेवण्याचे अवघड काम अशाच हातांनी केले.

आता आमच्या स्नेह्यांच्या पहिल्या शंकेकडे वळू. १९४१ मध्ये या स्क्वॉड्रनला नवी लायसँडर विमाने मिळाली, ती मुंबईकरांच्या युद्धनिधीतून. बारा विमानांची ही भेट होती, आणि तिच्यामुळे या पथकाशी मुंबईचे नाव जोडले गेले. पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट १९४२ रोजी, त्याच मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावरून ‘चले जाव’ची घोषणा झाली. एका शहराने वर्षभराच्या आत या दोन्ही गोष्टी पाहिल्या. त्या काळाचा गुंता समजण्यास हा एक दाखला पुरेसा आहे.

फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी ही लायसँडर विमाने ब्रह्मदेशात टाउंगू येथे उतरली. स्क्वॉड्रनचे नेतृत्व करुण कृष्ण मजुमदार यांच्याकडे होते. स्क्वॉड्रन पोहोचते न पोहोचते तोच जपानी विमानांनी त्या तळावर बाँब टाकले. लायसँडर हे काही बाँबफेकी विमान नव्हे. भूसेनेसाठी टेहळणी करणारे, आखूड जागेत उतरणारे, ताशी साडेतीनशे किलोमीटरही वेग न गाठणारे ते साधे विमान. तथापि पथकातील तंत्रज्ञांनी त्यात फेरफार करून चाकांजवळच्या आखूड पंखांखाली अडीचशे पौंडांचा एकेक बाँब बसविण्याची सोय केली. मजुमदार यांनी एक विमान घेऊन सयामच्या सरहद्दीतील मे हाँग सॉन येथील जपानी तळावर हल्ला चढविला आणि पाठोपाठ सारी स्क्वॉड्रन त्याच कामगिरीवर गेली. या मोहिमेबद्दल मजुमदार यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाला. हिंदी वायुदलातील अधिकाऱ्याला मिळालेला तो पहिला. पण मजुमदारांनी नेलेले बाँब विमानाला ज्यांनी जोडले त्यांना असे पदक कोण देणार? ८ मार्च रोजी रंगून पडले आणि त्याच महिन्यात स्क्वॉड्रन मायदेशी परतली. माघार ही माघारच होती. परंतु पथक मोडले नव्हते.

दोन वर्षांनी हीच स्क्वॉड्रन हरिकेन विमाने घेऊन इंफाळच्या खोऱ्यात आली. आता तिचे नेते होते चोवीस वर्षांचे अर्जन सिंग. मार्च ते जून १९४४ या काळात जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला होता. भोवती उंच डोंगर, पुढे पावसाळ्याचे ढग, आणि धान्यापासून दारूगोळ्यापर्यंत सारे विमानाने येणार. अशा स्थितीत या पथकाचे काम डोळ्यांचे होते. विमाने जोडीने निघत. एका वैमानिकाने खालची पायवाट, नदीचा उतार, झाडीतील हालचाल न्याहाळावयाची आणि दुसऱ्याने आकाशावर नजर ठेवून त्याची पाठ राखावयाची. या कामात नाट्य थोडे, चिकाटी फार. जून महिन्यात लॉर्ड माउंटबॅटन यांनी स्वतः इंफाळला येऊन अर्जन सिंग यांच्या छातीवर पदक लावले. मार्च १९४५ पर्यंत ही स्क्वॉड्रन आघाडीवर राहिली. मजुमदार मात्र युरोपच्या आघाडीवर दुसऱ्यांदा तेच पदक मिळवून परतले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोर येथे विमान-अपघातात निवर्तले.

येथेच ती दुसरी शंका आपल्यासमोर उभी राहते. याच रणक्षेत्रात, मोइरांग येथे, १४ एप्रिल १९४४ रोजी आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकविला होता. म्हणजे खाली स्वातंत्र्यासाठी लढणारे आपले लोक होते आणि वर उडणारेही आपलेच. यांतील एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला भाडोत्री म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस तसे करवत नाही. ध्वज परका होता, युद्ध कोणाशी करावे हे ठरविण्याचा अधिकारही आपला नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि त्या युद्धात जे कौशल्य या माणसांच्या हाती आले ते काही इंग्रजांबरोबर बोटीत बसून परत गेले नाही.

त्याचा पुरावा फार दूर शोधावा लागत नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावरून शंभराहून अधिक विमानांची जी मानवंदना झाली, तिचे नेतृत्व अर्जन सिंगांनी केले. वझिरीस्तानात याच स्क्वॉड्रनमध्ये घडलेले मेहर सिंग २४ मे १९४८ रोजी जनरल थिमय्यांना घेऊन डाकोटा विमानाने लेहला उतरले, आणि लडाखच्या रक्षणाचा मार्ग खुला झाला. १ एप्रिल १९५४ रोजी सुब्रोतो मुखर्जी वायुदलाचे पहिले भारतीय सेनापती झाले. आणि ज्यांनी हवाई सिपाही म्हणून आरंभ केला ते हरजिंदर सिंग एअर व्हाइस मार्शल होऊन कानपूरला विमानबांधणीच्या कामाचे धुरीण झाले. १९३३ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे पुरते दिले गेले. याच ब्रह्मदेश आघाडीवर लढलेले आपले हृषीकेश मुळगावकर काश्मीरच्या मोहिमेत महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ ते १९७८ या काळात वायुदलप्रमुख होते, हेही मराठी श्रोत्यांसमोर सांगितले पाहिजे.

स्क्वॉड्रनच्या वाट्याला मात्र एक दुःख आले. फाळणीत तिची सामग्री पाकिस्तानकडे गेली आणि आपल्या वायुदलात पहिला क्रमांक काही वर्षे रिकामा राहिला. १९५३ च्या जानेवारीत पंधराव्या स्क्वॉड्रनला तो क्रमांक देऊन हा वारसा पुन्हा सुरू करण्यात आला. १९८६ पासून ती मिराज विमानांसह ग्वाल्हेरला आहे. आणि शिंद्यांचे ग्वाल्हेर मराठी माणसाला परके नाही.

वापिटी गेली, लायसँडर गेले, हरिकेनही गेले. माणसे बदलली, ध्वज बदलला, मध्यंतरी क्रमांकही हरपला. टिकले ते शिकलेले काम आणि ते पुढच्याच्या हाती सोपविण्याची रीत. आपले मंडळही पन्नास वर्षे टिकले ते व्यासपीठावरील भाषणांइतकेच सतरंज्या अंथरणाऱ्यांमुळे, वर्गणीचा हिशेब राखणाऱ्यांमुळे आणि मुलांना मराठी अक्षरे गिरवावयास लावणाऱ्या भगिनींमुळे. त्यांची नावे या स्मरणिकेत कोठेतरी अवश्य नोंदविली जावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.